अल्प्राझोलामची स्ट्रिप, मॉर्फिनची चिठ्ठी आणि रजिस्टरचा हिशेब

सांगली-मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर दोन प्रकारची माणसं रोज येतात. एक जण हळू आवाजात "ती झोपेची गोळी द्या, नेहमीची" म्हणतो आणि चिठ्ठी मागितली की "घरी राहिली" म्हणतो. दुसरा अथणी, जमखंडी किंवा जतहून पेशंट घेऊन मिरजेला आलेला असतो. त्याच्या हातात कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन लिहिलेली व्यवस्थित चिठ्ठी असते, पण दुकानामागून दुकान पालथं घालूनही "आम्ही ठेवत नाही" यापलीकडे त्याला कोणी काही सांगत नाही. पहिल्याला बऱ्याचदा स्ट्रिप मिळून जाते आणि दुसरा हात हलवत परत जातो. नियम अर्धवट माहीत असले की असंच होतं. ओळखीच्याला सरसकट दिलं जातं, अनोळख्याला सरसकट नाकारलं जातं. खरं तर हे नियम नीट वाचले तर फार थोडे आहेत, आणि ते पाळायला रोजचे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

कोणतं औषध कुठे बसतं ते आधी बघू. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम, यांत शेड्यूल एच, एच१ आणि एक्स, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या चढत्या कडकपणाच्या याद्या येतात. दुसरा कायदा एनडीपीएस, म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. एकच गोळी दोन्हींकडे असू शकते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, मिडाझोलाम, झोलपिडेम, पेंटाझोसीन, ब्युप्रेनॉर्फिन ही झोपेची, चिंतेची किंवा दुखण्याची औषधं एच१ मध्येही आहेत आणि एनडीपीएसच्या सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या) यादीतही. ट्रॅमाडॉल एच१ मध्ये आधीपासून होतं, सायकोट्रॉपिक यादीत ते एप्रिल २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या सवयीने कित्येक दुकानांत ट्रॅमाडॉल अजून साध्या पेनकिलरच्या कप्प्यात पडलेलं असतं. ते तिथून आजच हलवावं.

क्लोनाझेपाम या चिंतेच्या आणि फिटच्या गोळीबद्दल वेगळं सांगायला हवं. शेड्यूल एच१ ची अधिसूचना ऑगस्ट २०१३ ची, अंमल १ मार्च २०१४ पासून. ४६ औषधांच्या त्या मूळ यादीत क्लोनाझेपाम नव्हतं. त्यामुळे "ते फक्त एच आहे, रजिस्टर कशाला" असं म्हणायची पद्धत पडली. पण क्लोनाझेपाम एनडीपीएसच्या यादीत आहे, आणि एनडीपीएसच्या नियम ६५-ए प्रमाणे सायकोट्रॉपिक औषधाची खरेदी-विक्री औषध नियमांप्रमाणेच झाली पाहिजे. चिठ्ठीविना विकलेली स्ट्रिप ही तिथे दुहेरी अडचण ठरते. म्हणून क्लोनाझेपाम, लोराझेपाम, क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन यांचीही नोंद एच१ सारखीच ठेवावी. रजिस्टरात चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, पण हिशेब विचारला तर उत्तर हातात असेल.

पाकिटावरची खूण बघायची सवय काउंटरवरच्या प्रत्येकाला लावावी. नुसतं आरएक्स म्हणजे शेड्यूल एच. लाल आरएक्स आणि लाल चौकटीत इशारा म्हणजे एच१. लाल एनआरएक्स म्हणजे एनडीपीएसमधलं औषध. लाल एक्सआरएक्स म्हणजे शेड्यूल एक्स. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला औषधांची नावं पाठ करायला लावण्याआधी या चार खुणा दाखवाव्यात.

चिठ्ठीत काय असायला हवं

१९४५ च्या औषध नियमांतल्या नियम ६५ मधला दहावा भाग याबद्दल अगदी स्पष्ट आहे. चिठ्ठी लेखी हवी, डॉक्टरांची नेहमीची सही आणि तारीख हवी, ज्याच्यासाठी औषध आहे त्याचं नाव आणि पत्ता हवा, डोस हवा, आणि एकूण किती औषध द्यायचं तो आकडा हवा. शेवटच्या दोन गोष्टींपैकी डोस सगळे लिहितात, एकूण आकडा फार थोडे लिहितात. "टॅब अल्प्राझोलाम ०.२५, रात्री १" एवढंच लिहिलेली चिठ्ठी अपुरी आहे. फार्मासिस्ट दहा देईल की तीस, हे डॉक्टरांनी त्याच्यावर सोडलेलं असतं, आणि पेशंट तीस मागतो.

डॉक्टरमंडळींना एक विनंती. असं लिहा: "अल्प्राझोलाम ०.२५ मिग्रॅ, रात्री झोपताना १ गोळी, १० दिवस, एकूण १० (दहा) गोळ्या, पुन्हा देऊ नये." आकडा अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही. नुसता १० लिहिला की पुढे एक शून्य जोडून १०० होतात. इंग्रजी अंकांत १ चा ७ करणं तर एका रेघेचं काम आहे. शेवटच्या औषधाखाली आडवी रेघ मारा, म्हणजे खाली कोणी काही घुसवू शकणार नाही. नोंदणी क्रमांकाचा शिक्का स्पष्ट उमटू द्या, कारण शाई संपलेल्या शिक्क्याची चिठ्ठी घेऊन पेशंट दारोदार फिरतो आणि दोष फार्मासिस्टला मिळतो. पेशंटचा पत्ता "सांगली" एवढाच नको. गाव आणि तालुका तरी हवा. मिरजेत सीमाभागातले पेशंट इतके असतात की "पाटील, अथणी" अशी नोंद पुढे कोणालाच शोधता येत नाही.

फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून ही औषधं लिहायची का? २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली नार्कोटिक (मॉर्फिनसारखी) व सायकोट्रॉपिक औषधं निषिद्ध यादीत टाकली आहेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर तर काउंटरवर काहीच देऊ नये. कारण साधं आहे. औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख टाकावी लागते. फोटोवर शिक्का मारता येत नाही, आणि तोच फोटो विश्रामबागेत, गणपती पेठेत आणि कुपवाडमध्ये एकाच संध्याकाळी चालतो.

हा शिक्का मारणं सगळ्यात जास्त टाळलं जातं. चिठ्ठी खराब होते, डॉक्टर रागावतात, पेशंट कुरकुरतो, ही कारणं नेहमीची. पण चिठ्ठी एकदा वापरली गेली याचा दुसरा कुठलाच पुरावा पुढच्या दुकानदाराकडे नसतो. नियम असा आहे की डॉक्टरांनी वर "पुन्हा देता येईल" असं लिहिलं नसेल तर शेड्यूल एच आणि एक्सची चिठ्ठी एकदाच चालते. किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने, हे लिहिलं असेल तर तेवढंच. "काका, ही चिठ्ठी एकदा वापरून झाली आहे, डॉक्टरांना फोन लावू का?" एवढं शांतपणे म्हटलं की नव्वद टक्के प्रसंग तिथेच मिटतात. ज्याला खरी गरज आहे तो फोन लावू देतो.

डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड नसेल तर परस्पर दुसरा देता येत नाही, साधी कंपनी बदलली तरी नाही. डॉक्टरांना विचारून त्यांच्याकडून चिठ्ठीवर बदल करून आणायचा. पेशंट लांबून आला असेल तर तो ब्रँड कुठे मिळेल ते सांगायचं. ०.५ च्या जागी ०.२५ च्या दोन देणं हा "सोपा" उपाय या औषधांत विशेष धोक्याचा, कारण घरी जाऊन म्हातारी आजी जुन्या सवयीने एकच गोळी घेते, किंवा पुढच्या वेळी ०.५ च्या दोन घेते आणि रात्री उठताना पडून खुबा मोडून घेते.

शंभर आणि तीनशे

एनडीपीएस नियम ६६ मधली एक मर्यादा डॉक्टर आणि दुकानदार दोघांनाही फारशी माहीत नसते. स्वतःच्या उपचारासाठी माणसाला सायकोट्रॉपिक औषधाचे एका वेळी १०० डोस, म्हणजे साध्या भाषेत १०० गोळ्या, जवळ ठेवता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर १०० पेक्षा जास्त, पण ३०० पर्यंत. आता हिशेब करा. दिवसाला ३ गोळ्या, ३० दिवस, झाल्या ९०. चालेल. दिवसाला ४ गोळ्या असतील तर १२० होतात, आणि चिठ्ठीवर "दीर्घकालीन उपचार" असं लिहिलेलं नसेल तर पेशंटच्या पिशवीतल्या वरच्या २० गोळ्यांना कायद्याचं संरक्षण नाही. फिटचा पेशंट क्लोबाझाम दोन महिन्यांचं एकदम मागतो, कारण आटपाडीहून दर महिन्याला यायला गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. त्याची मागणी रास्त आहे. डॉक्टरांनी एक ओळ जास्त लिहिली की ती कायदेशीरही होते. आणि अशा पेशंटला चिठ्ठी व बिल गोळ्यांसोबतच ठेवायला सांगावं.

रजिस्टर

एच१ साठी कायद्याने मागितलेल्या गोष्टी चारच आहेत: लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेली संख्या. वेगळं रजिस्टर, तीन वर्षं जपायचं, तपासणीला उघडं ठेवायचं. पण चारच रकाने ठेवले तर ते रजिस्टर कोणाच्याच उपयोगाचं राहत नाही. तारीख, बिल नंबर, बॅच नंबर, शिल्लक आणि फार्मासिस्टची सही हे पाच रकाने वाढवावेत. त्यातला शिल्लक हा रकाना सर्वांत मोलाचा. त्याच्याशिवाय रजिस्टर म्हणजे नुसती नावांची यादी. त्यावरून कपाटात आत्ता किती गोळ्या असायला हव्यात हे सांगता येत नाही.

आणखी एक, एच१ ची दोन रजिस्टरं करा. सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम, लिव्होफ्लोक्सासिन अशी अँटिबायोटिकं याच शेड्यूलमध्ये आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या नोंदींनी पानंच्या पानं भरतात. त्या गर्दीत झोलपिडेमची एक ओळ दिसतसुद्धा नाही. अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं एका रजिस्टरात, सवय लावणारी औषधं दुसऱ्यात. (टीबीची औषधं देणाऱ्या दुकानाला पेशंटची माहितीही सरकारला कळवावी लागते, २०१८ पासून ते बंधनकारक आहे.) सवयीच्या औषधांचं रजिस्टर बांधीव, पान क्रमांक छापलेलं, प्रत्येक औषधाच्या प्रत्येक ताकदीला वेगळं पान.

एक पान प्रत्यक्ष भरून बघू. अल्प्राझोलाम ०.२५, पंधराच्या स्ट्रिपा, सकाळची शिल्लक ९०, म्हणजे सहा स्ट्रिपा. पहिल्या पेशंटला चिठ्ठीप्रमाणे १० दिल्या, शिल्लक ८०: पाच पूर्ण स्ट्रिपा आणि कापलेल्यातल्या ५. दुसऱ्या चिठ्ठीवर ३० आहेत, पण पेशंटकडे तेवढे पैसे नाहीत, त्याने १५ नेल्या. रजिस्टरात १५ लिहायच्या, चिठ्ठीत काय आहे ते नाही. चिठ्ठीवर "१५ दिल्या, १५ बाकी", तारीख, शिक्का. शिल्लक ६५. संध्याकाळी कपाट उघडून मोजलं तर चार स्ट्रिपा आणि सुट्या ५ दिसल्या पाहिजेत. दिसल्या तर पाच मिनिटांत काम संपलं.

न जुळण्याची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात. पहिलं कारण, सॉफ्टवेअरमध्ये पॅकिंग १५ ऐवजी १० टाकलेलं. बिल एका स्ट्रिपचं फाटतं, रजिस्टरात १० जातात, कपाटातून १५. दुसरं, स्टॉकिस्टच्या (घाऊक विक्रेत्याच्या) स्कीमची फुकट स्ट्रिप. दहावर एक फ्री आली की ती परचेस बिलाच्या फ्रीच्या रकान्यात असते, रजिस्टरात चढवायची राहते, आणि कपाटात १५ गोळ्या जास्त निघतात. जास्त निघाल्या म्हणून कोणी घाबरत नाही, पण तपासणीत जास्त साठा हा कमी साठ्याइतकाच वाईट दिसतो, कारण विनाबिल खरेदीचा संशय तिथूनच सुरू होतो. तिसरं, पेशंटने परत आणलेल्या गोळ्या गुपचूप स्ट्रिपांत मिसळणं. ते तर कधीच करू नये, घरी त्या कशा ठेवल्या होत्या हे आपल्याला माहीत नसतं. चौथं, रात्री आठनंतर गर्दीत "नंतर लिहू" म्हणून राहिलेली नोंद. दुसऱ्या दिवशी ती आठवणीतून लिहिली जाते आणि पेशंटचं नाव हमखास चुकतं. औषध पुडीत घालण्याआधी ओळ लिहायची, हा एकच उपाय चालतो.

स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरीचा भाग शेवटपर्यंत दुकानात राहील अशा बाजूने कापावी. पेशंटच्या पुडीवर औषधाचं नाव, ताकद, बॅच आणि एक्स्पायरी लिहावी. रजिस्टरात चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर लावलेलं पान बघितलं की ड्रग इन्स्पेक्टर मागची सगळी पानं चाळतो, आणि त्याचं चुकत नाही.

हे सगळं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हायला हवं, तो समोर हजर असताना. भिंतीवर सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच, ही व्यवस्था या औषधांसाठी तरी बंद झाली पाहिजे. फार्मासिस्ट जेवायला गेला असेल तर त्या कपाटाची किल्लीही त्याच्याबरोबर जाऊ द्या.

नाकारायचं कसं

महिनोन्महिने रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याला एका दिवशी "आजपासून मिळणार नाही" म्हणणंही धोक्याचं आहे. ही गोळी एकदम तुटली की हातपाय कापतात, घाम फुटतो, झोप उडते, आणि काहींना फिट येते. डोस हळूहळू कमी करायचा असतो आणि ते काम डॉक्टरांचं. म्हणून चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाहीच, पण त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पोहोचवायचं. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीची वेळ कागदावर लिहून काउंटरवर चिकटवलेली असावी. "मावशी, गोळी अचानक बंद करू नका आणि चिठ्ठीशिवाय चालूही ठेवू नका, उद्या सकाळी इथे जा" असं सांगून तो कागद दाखवायचा. फार्मासिस्टच्या हातात असलेलं हे सर्वांत मोठं काम आहे असं मला वाटतं.

संशय घ्यावा अशा खुणा वेगळ्या. औषधाचं नाव, ताकद आणि स्ट्रिपांची संख्या एका दमात सांगणं, बिल नको म्हणणं, कोडीनच्या खोकल्याच्या औषधाच्या चार-पाच बाटल्या एकदम मागणं, एकाच डॉक्टरांच्या एकसारख्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या नावांनी येणं. कोडीनच्या सिरपला एनडीपीएसमधली सवलत ठरावीक प्रमाणापर्यंत आणि औषध म्हणून वापरासाठीच आहे. खोक्याने विकलेल्या बाटल्यांना ती ढाल पुरत नाही. त्या कायद्यात शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरते: अल्प प्रमाण असेल तर एक वर्षापर्यंत, व्यापारी प्रमाण असेल तर किमान दहा वर्षं. अल्प्राझोलामचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण १०० ग्रॅम आहे, ट्रॅमाडॉलचं ५ आणि २५० ग्रॅम.

शेड्यूल एक्स आणि ऑपरेशन थिएटर

लहान मुलांच्या एडीएचडीसाठीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट आणि भुलीचं केटामाइन ही दोन नावं आपल्याकडे येतात. यासाठी साधं २० आणि २१ चं लायसन पुरत नाही, किरकोळ विक्रीला फॉर्म २०-एफ लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं. औषध कुलपात, आणि त्या कपाटात दुसरं काही ठेवायचं नाही. रजिस्टर बांधीव, पानांना क्रमांक असलेलं. त्यात पुरवठादाराचा लायसन नंबर, बॅच, बिल, पेशंटचं नाव-पत्ता, चिठ्ठीचा संदर्भ आणि सही. मिथाइलफेनिडेट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी दुसरी प्रत स्वतःच द्यावी. आईबापांना झेरॉक्स काढायला पाठवलं की झेरॉक्सवर मूळ सही नसते आणि दुकानदार अडतो.

केटामाइन जनावरांच्या शस्त्रक्रियेतही लागतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात मेंढ्या आणि खिलार जनावरं भरपूर, त्यामुळे हा प्रश्न इथे कागदावरचा नाही. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर जनावराच्या मालकाचं नाव आणि पत्ता लिहायचा असतो. "गाय, जत" एवढ्यावर औषध देऊ नये.

नर्सिंग होममध्ये गडबड होते ती उरलेल्या औषधाची. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची २ मिलिची अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी), त्यात १०० मायक्रोग्रॅम. पेशंटला ७५ दिलं. उरलं २५, म्हणजे अर्धा मिलि. ते अर्धा मिलि कुठे गेलं, याची ओळ रजिस्टरात हवी: "७५ दिलं, २५ टाकलं", भूलतज्ज्ञाची सही आणि समोर असलेल्या सिस्टरची सही. टाकताना दोघांनी बघितलं पाहिजे, नंतर सही मागायची नाही. रिकामी अँप्यूल परत केल्याशिवाय नवीन मिळणार नाही, हा नियम फार्मसीने धरून ठेवावा. ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी सिस्टर, दोघींनी मिळून मोजायचं. तीन मिनिटं लागतात. अँप्यूल फुटली तर काचा गोळा करून तशाच ठेवायच्या आणि त्याच वेळी इन्चार्जची सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी "फुटली होती" असं लिहिलेल्या ओळीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मग संशय सगळ्यांवर येतो, नेहमी सगळ्यात कनिष्ठ माणसावर आधी.

मॉर्फिन

आता त्या अथणीच्या माणसाकडे. मॉर्फिन साध्या मेडिकल लायसनवर ठेवता येत नाही, म्हणून दुकानदाराने नाही म्हणणं बरोबरच. पण ते कुठे मिळतं हे त्याला माहीत असायला हवं. २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा बदलला आणि २०१५ मध्ये नवे नियम आले. त्याआधी प्रत्येक राज्याचे वेगळे परवाने होते आणि एका बाटलीसाठी रुग्णालयाला अनेक खात्यांचे उंबरे झिजवावे लागत. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं "अत्यावश्यक नार्कोटिक औषधं" आहेत. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली रुग्णालयं ती ठेवू आणि देऊ शकतात. मान्यतेसाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर लागतो. मान्यता तीन वर्षांची असते. वर्षाची गरज आधी कळवायची, वर्षाचा हिशेब नंतर द्यायचा, आणि रोजची आवक-जावक लिहायची. मिरजेसारख्या वैद्यकीय गावात, जिथे कर्नाटकातून कॅन्सरचे पेशंट येतात, तिथे जास्त रुग्णालयांनी ही मान्यता घ्यायला हवी. कागदपत्रं आहेत, पण अशक्य काही नाही.

मॉर्फिनची चिठ्ठी कशी असावी? "मॉर्फिन गोळी १० मिग्रॅ, दर ४ तासांनी १, दिवसाला ६, ७ दिवस, एकूण ४२ (बेचाळीस) गोळ्या." मध्येच कळ आली तर जादा गोळी घ्यायची असेल तर तीही वेगळी लिहायची, दिवसाला जास्तीत जास्त किती तेही, आणि त्या गोळ्या एकूण आकड्यात धरायच्या. नाहीतर पाचव्या दिवशी गोळ्या संपतात, नातेवाईक परत येतात आणि काउंटरवरचा माणूस त्यांच्याकडे संशयाने बघतो. रात्री दोन वाजता उठवायचं नसेल तर झोपताना दोन गोळ्या एकदम द्यायची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच. सोबत शौचाला साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच, आणि चार दिवस शौचाला न झालेला पेशंट गोळीच बंद करतो, मग वेदना परत येतात.

फेंटानिलचा कातडीला चिकटवायचा पॅच ७२ तासांनी बदलायचा, म्हणजे ३० दिवसांना १०. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जातं आणि श्वास मंदावू शकतो. काढलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घडी घालून लगेच नष्ट करायचा, लहान मुलाच्या हाताला लागेल असा टाकायचा नाही.

पूर आणि एक्स्पायरी

सांगलीत रजिस्टर जपणं म्हणजे कृष्णेच्या पाण्यापासूनही जपणं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा बाजारपेठ पाण्यात गेली. खालच्या भागातल्या दुकानांनी पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावं: पाणी ४० ला लागलं की आधी रजिस्टरं, दोन प्रतींतल्या चिठ्ठ्या आणि कुलपातला माल वरच्या मजल्यावर, बाकी दुकान नंतर. किल्ली कोणाकडे असेल तेही ठरलेलं हवं. रजिस्टराच्या भरलेल्या पानांचे फोटो दर शनिवारी काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवावेत.

माल भिजलाच तर तो परस्पर कचऱ्यात टाकू नये. औषधाचं नाव, बॅच, संख्या अशी यादी करावी, फोटो काढावेत, अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला लेखी कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे पुढचं करावं, आणि रजिस्टरात त्या पत्राचा संदर्भ देऊन शिल्लक कमी करावी. एक्स्पायरीचंही तसंच. तारीख संपलेली स्ट्रिप "विक्रीसाठी नाही" लिहिलेल्या वेगळ्या डब्यात जाते, पण स्टॉकिस्टकडे परत जाईपर्यंत ती रजिस्टरच्या शिल्लकीत असतेच. परत गेली की डेबिट नोटचा (माल परत केल्याच्या कागदाचा) नंबर टाकून वजा करायची. एक्स्पायरीच्या मोठ्या गाठोड्यात ही औषधं मिसळून पाठवली की दोन स्ट्रिपा कुठे गेल्या ते कधीच सापडत नाही.

पेशंट गेल्यावर घरात उरलेल्या गोळ्यांबद्दल कोणी बोलत नाही, आणि दुःखाच्या दिवसांत घरच्यांना ते सुचणंही अवघड. म्हणून मॉर्फिन पहिल्यांदा देतानाच सांगून ठेवावं की उरलेल्या गोळ्या आणि पॅच दुसऱ्या कोणाला देऊ नका, जिथून घेतल्या त्या केंद्रात परत आणा. केंद्राने त्या मोजून, आणणाऱ्याची सही घेऊन, वेगळ्या पानावर लिहाव्यात. परत आणणं शक्यच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनात आहे: फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशा १७ औषधांची यादी दिली आहे, ती घरच्या कचऱ्यात न टाकता संडासात टाकून पाणी सोडावं. ती यादी छापून मॉर्फिनच्या पुडीबरोबर द्यावी, मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांत.